नॅशनल पार्कातला डांबरी रस्ता: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

बोरिवली पूर्वेला हायवे ओलांडला, की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक लागतं. तिथून कान्हेरी लेण्यांच्या पायथ्यापर्यंत साधारण सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता जातो. बराचसा सपाट, पुढे हळूहळू चढणारा. मुलाबाळांसह, आजी-आजोबांसह चालावं असा. तरी या रस्त्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. काहींना वाटतं, बिबट्याच्या जंगलात पोरांना न्यायचं म्हणजे जिवाशी खेळ. काही जण पायाखाली डांबर लागलं की बागेत आलो असं धरून चालतात आणि पिशवीतून स्पीकर काढतात. चुकतात दोघंही, पण त्रास दुसऱ्यांचा जास्त.

आधी बिबट्या. तो इथे आहे आणि भरपूर आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे उद्यान आणि लगतचा परिसर मिळून २०१५ साली कॅमेरे लावून मोजणी झाली, तेव्हा ३५ बिबटे नोंदले गेले. पण ‘बिबटे आहेत म्हणजे ते माणसावर टपून बसलेत’ हा निष्कर्ष चुकीचा. बिबट्या मुख्यतः रात्री फिरतो आणि माणसाची चाहूल लागली की बाजूला होतो. चितळ, सांबर यांच्याबरोबर जंगलाच्या कडेचे भटके कुत्रे हे त्याचं मोठं खाद्य. २००२ ते २००४ या काळात हल्ले खूप वाढले होते हे खरं. ते मुख्यतः कडेच्या वस्त्यांत, अंधार पडल्यावर झाले. दुसरीकडे पकडलेले बिबटे इथे आणून सोडणं हे त्यामागचं एक कारण असल्याचं अभ्यासकांनी दाखवलं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि रिकाम्या झालेल्या जागी नवं येतंच. म्हणून ‘पिंजरा लावा, दूर सोडा’ हा उपाय ऐकायला बरा वाटतो, पण त्यानं दुखणं वाढतं.

उद्यानातल्या पाड्यांवर वारली कुटुंबं कितीतरी पिढ्या राहताहेत आणि वाघोबाला पुजताहेत. जंगलात माणूस राहतच नाही, हाही एक शहरी समज. रस्त्याकडेला काकड्या, बोरं, चिंचा घेऊन बसलेल्या बायका बहुतेक याच पाड्यांवरच्या. पोरांना तिथे थांबवून दोन शब्द बोलू द्यावेत.

दिवसाउजेडी, मुख्य रस्त्यावर, घोळक्यानं चाललात तर धोका फारच कमी. पोरांना एकटं पुढे पळू देऊ नये, आडवाटेला शिरू नये, अंधारापूर्वी परतावं. बिबट्या दिसलाच तर पळू नये. मुलाला कडेवर घेऊन, बिबट्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरावं.

खरी काळजी करायची ती उरलेल्या वडापावाची. उष्टं-खरकटं टाकलं की कुत्रे येतात, आणि कुत्र्यांच्या मागे कोण येतं ते वर आलंच आहे. माकडांना केळी घालून पुण्य मिळतं म्हणणाऱ्यांनी तीच माकडं पुढच्या पोराच्या हातातली पिशवी कशी हिसकावतात, ते एकदा उभं राहून पाहावं. माकड चावलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुऊन थेट दवाखाना गाठायचा. हळद लावून भागत नाही.

‘जायचं तर पावसाळ्यात, नंतर नुसता पाचोळा’ हेही पटण्यासारखं नाही. पावसाळा देखणा असतो, पण रविवारी गर्दी इतकी, की पाखरांचा आवाज कानावर पडणं मुश्कील. जंगल पानगळीचं आहे. थंडी सरता सरता साग उघडा होतो, पळस आणि सावर फुलतात. पानं नसल्यामुळे फुलांवर आलेले पक्षी लहान मुलांनाही दुर्बिणीशिवाय दिसतात. मला विचाराल तर फेब्रुवारीतली सकाळ. कारवीचं म्हणाल, तर ती दर आठ वर्षांनी फुलते. इथला मोठा बहर २०१६ मध्ये होता, नंतर २०२४ मध्ये. तिच्यासाठी आता २०३२ ची वाट पाहायची.

वर पोचल्यावर ‘पांडवांनी एका रात्रीत कोरली’ ही कथा कोणीतरी सांगतंच. लेणी बौद्ध भिक्खूंची. संख्येनं शंभराहून अधिक, आणि काळ्या बेसाल्टात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळपास हजार वर्षं कोरली गेलेली. कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांच्या दानाचे लेख भिंतींवर आहेत. पावसाचं पाणी साठवायला खोदलेल्या पोढी आजही भरतात.

आणि शेवटचा समज बाबागाडीवाल्या आईबापांचा: गाडी थेट लेण्यांपर्यंत जाईल. डांबर लेण्यांच्या पायथ्याशी संपतं. पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, पावसात निसरड्या. तिथे मूल कडेवरच घ्यावं लागतं. येऊन-जाऊन बारा किलोमीटर झेपणार नसतील तर एका बाजूनं उद्यानाची बस पकडावी, त्यात काही कमीपणा नाही. सोमवारी सगळंच बंद असतं.