पायरीवरची नावं

गेलेल्या माणसाची आठवण चारचौघांत जपण्याच्या आपल्या रीतींचा आढावा घ्यायचा म्हटलं, की अभ्यासक मंडळी वीरगळापासून सुरुवात करतात आणि बहुधा तिथेच थांबतात. वीरगळ मोलाचे आहेतच. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्रसूर्य, ही मांडणी वाचकांना पाठ असेल. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ तर त्यावरच्या नौकायुद्धासाठी मुद्दाम जाऊन पाहावेत. पण वीरगळ लढून पडलेल्याचा. तापाने गेलेल्या पोराचं, अंथरुणाला खिळून गेलेल्या आजीचं काय?

त्यांच्यासाठी लोकांनी घाटाची पायरी बांधली, देवळात फरशी बसवली, पाणपोई घातली, शाळेत बक्षीस ठेवलं, वाचनालयाला कपाट दिलं आणि त्यावर ‘स्मरणार्थ’ असं कोरलं. याच परंपरेची बाजू मी आजवर लावून धरली आहे. ही नुसती नावाची हौस, असं काही विद्वान मला ऐकवतात. त्यांनी पंढरपूरच्या महाद्वारात थोडा वेळ उभं राहावं. संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी पायरीची जागा घेतली, असं परंपरा सांगते. समोरच मंगळवेढ्याला गावकूस कोसळून गेलेल्या चोखोबांची समाधी. पायाखाली राहण्यात मिरवणं कसलं, हे वारकऱ्याला समजावावं लागत नाही.

मुंबईच्या फोर्टातलं रतनसी मुळजी जेठा कारंजंही याच जातकुळीचं. धरमसी हा मुलगा पंधराव्या वर्षी गेला आणि बापाने १८९४ मध्ये रस्त्यावर पाण्याची सोय केली. आराखडा व्हिक्टोरिया टर्मिनसवाल्या स्टीव्हन्स यांचा. माथ्यावर पुस्तक घेतलेला मुलगा आहे. पुतळा नजरेत भरतो, पण त्या बापाचं खरं मोठेपण खालच्या पाण्यात आहे.

एवढी ऐपत नसलेल्यांनी हेच काम लहान प्रमाणात केलं. गावच्या शाळेत पाण्याच्या टाकीवर हातभर संगमरवरी पाटी असते. ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’, खाली मुलांची नावं, कोपऱ्यात ‘रु. २५१’. अक्षरांतला काळा रंग उडालेला, पण बोट फिरवलं की खाच लागते. मधल्या सुट्टीत पोरं तिथेच ओंजळ धरतात. त्या मातोश्रींना याहून चांगलं स्मारक कोणतं मिळणार?

वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या चौकटी, गोव्यात वाटेकडेला दिसणारे क्रूस, पुण्यतिथीची कीर्तनं यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. चौकाचौकांतल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. त्यात गेलेल्यापेक्षा ‘शोकाकुल’ मंडळींचे चेहरे जास्त असतात, आणि दहाव्याच्या आत तो फाटून लोंबू लागतो. वाटसरूला त्याचा काडीइतका उपयोग नाही.

त्याहून मोठी हानी जीर्णोद्धारात होते आहे. जुन्या फरश्या उखडून ग्रॅनाइट बसवतात आणि नावांचे दगड मातीच्या ढिगात जातात. राजांच्या शिलालेखांची नोंद होते, या दगडांची कुणी करत नाही. म्हणून वाचकांना एकच विनंती. गावच्या देवळाचं काम निघण्याआधी पायऱ्यांवरची नावं वहीत उतरवून घ्या, फोटो काढा, आणि ते दगड पुन्हा पायरीतच बसवायला विश्वस्तांना भाग पाडा.