काळ्या दोऱ्यातली चिप

लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई पहिल्यांदा मागतात ते बाळाचं कार्ड. ते घरी राहिलेलं असतं, पावसात भिजलेलं असतं, नाहीतर हरवलेलं असतं. मग कुठला डोस झाला नि कुठला राहिला, हे आईच्या आठवणीवर ठरतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 2014 मध्ये वर्गातला प्रकल्प म्हणून हा प्रश्न हाती घेतला आणि त्याचं उत्तर शोधायला ते राजस्थानात, उदयपूरच्या खेड्यांत पोहोचले. तिथे ‘सेवा मंदिर’ या संस्थेची त्यांना साथ मिळाली.

त्यातून तयार झालं ‘खुशी बेबी’ : बाळाच्या गळ्यात घालायचं छोटंसं पदक, आत एनएफसी चिप. मेट्रोच्या गेटवर कार्ड टेकवताना वापरलं जातं, साधारण तेच हे तंत्र. चिपला स्वतःची बॅटरी नसते. फोन जवळ आणला की लागेल तेवढी वीज ती फोनकडूनच घेते. आरोग्यसेविकेने पदकाला फोन टेकवला की बाळाच्या लशींची नोंद पडद्यावर येई, नवा डोस दिला की तोही चिपमध्ये नोंदवला जाई. गावात रेंज नसली तरी काम अडत नसे. माहिती नंतर, नेटवर्क मिळाल्यावर वर पाठवता येई.

चिप तशी बाजारात मिळणारीच. खरी अक्कल दिसते ती दोऱ्यात. पदक ओवलं होतं काळ्या दोऱ्यात, कारण दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या अंगावर काळा दोरा असतोच. महाराष्ट्रातल्या आज्यांनाही हे समजावून सांगावं लागणार नाही. परदेशी प्रयोगशाळेतून आलेला चकचकीत पट्टा घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी काढून फडताळात ठेवला असता. दोरा कोण काढणार?

युनिसेफ, चिप-कंपनी एआरएम आणि डिझाइन-कंपनी फ्रॉग यांच्या ‘वेअरेबल्स फॉर गुड’ स्पर्धेत 2015 मध्ये दोन विजेते ठरले, त्यांतलं एक ‘खुशी बेबी’. दुसरं ‘सोपेन’, न्यूयॉर्कच्या पार्सन्स डिझाइन संस्थेतून आलेलं. हा साबणाचा खडू. मुलांच्या हातावर रेघोट्या ओढायच्या आणि रंग जाईपर्यंत हात चोळून धुवायचे. ना चिप, ना बॅटरी! याला ‘अंगावर घालायचं तंत्रज्ञान’ म्हणावं का, यावर वाद होऊ शकतो. पण मुलं हात धुतात, तेव्हा परीक्षकांचं चुकलं नाही.

दक्षिण कोरियातल्या होंगिक विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी तर वीज आणि गुरुत्वाकर्षण, दोन्हींना फाटा दिला. फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तान-सीरियात भूकंप झाला, तेव्हा जखमीला सलाइन लावायचं तर कुणीतरी बाटली उंच धरून ढिगाऱ्यांतून चालायला हवं, ही अडचण त्यांच्या लक्षात आली. त्यांची ‘गोल्डन कॅप्सूल’ रुग्णाच्या अंगालाच बांधता येते. आतल्या फुग्याचा ताण आणि हवेच्या दाबातला फरक यांच्या जोरावर द्रव पुढे सरकतो, बाटली टांगावी लागत नाही. विद्यार्थ्यांच्या डिझाइनसाठीचा त्या वर्षीचा आंतरराष्ट्रीय जेम्स डायसन पुरस्कार तिला मिळाला. पुढच्या वर्षी तो आयर्लंडच्या लिमरिक विद्यापीठातल्या ‘अथेना’ने पटकावला. केमोथेरपीत केस गळू नयेत म्हणून डोकं थंड ठेवणारं हे उपकरण घालून हिंडता-फिरता येतं.

पुरस्कारानंतरची वाट मात्र खडतर असते. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थिनींनी 2005 मध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी सायकलस्वाराची एअरबॅग योजली. गळ्यात कॉलर घालायची. अपघाताची हालचाल सेन्सरने टिपली की क्षणात डोक्याभोवती फुगा फुगतो. ‘होवडिंग’ या नावाने ती बाजारात यायला 2011 उजाडलं. पुढे युरोपात ती चांगली खपली, चाचण्यांत नावाजली गेली. डिसेंबर 2023 मध्ये स्वीडनच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने सुरक्षिततेच्या शंकेवरून तिची विक्री थांबवली, विकलेले नग परत घ्यायला सांगितलं आणि त्याच महिन्यात कंपनी दिवाळखोरीत गेली. शरीराशी संबंधित वस्तूची परीक्षा मार्कांवर संपत नाही, हे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कुणी फारसं सांगत नाही.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र 2014 पासून आहे. तिथे डॉक्टर, इंजिनीअर आणि डिझायनर एकत्र काम करतात. यंदा प्रकल्पाचा विषय शोधणाऱ्यांनी सेन्सरची यादी उघडण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी सकाळभर बसून यावं.