कॅमेरा घ्यायचाय? आधी विचारा, तो ‘हालचाल’ कशाला म्हणतो

हे आजच्या एपिसोडचं लेखी रूप. अडखळलेलं, परत परत बोललेलं तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

तर मेसेज साधारण एकाच छापाचे येतात. आई-बाबा गावी, आपण पुण्यात नाहीतर बंगळूरूला. घराला मोशन डिटेक्शनवाला कॅमेरा लावायचाय, बजेट दोन-तीन हजार, ‘भावा, लिंक टाक’. लिंक नाही टाकणार. मॉडेलं दर सहा महिन्यांनी बदलतात, लिंक शिळी होते. पण कॅमेरा कसा निवडायचा हे एकदा कळलं की कुठल्याही सेलमध्ये तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आजचा मुद्दा एकच आहे. घरचा कॅमेरा बिघडून जेवढा निकामी होतो, त्यापेक्षा जास्त म्यूट होऊन निकामी होतो. पहिल्या दिवशी मजा वाटते. पडदा हलला, अलर्ट. मांजर गेलं, अलर्ट. ढग आला, ऊन गेलं, अलर्ट. आठवड्याभरात आपण वैतागून नोटिफिकेशन बंद करतो. मग एका रात्री खरंच कुणीतरी कडी चाचपत असतं, कॅमेरा इमानदारीत कळवतो, आणि ऐकायला कुणीच नसतं. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आहे ही, फक्त ओरडणारा मुलगा आता वायफायवर आहे.

म्हणून बॉक्सवरचे मेगापिक्सेल बघण्याआधी हे बघा, की हा कॅमेरा हालचाल ओळखतो कसा.

हालचाल ओळखायच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा, चित्रातला फरक. कॅमेरा आत्ताचं चित्र घेतो, थोड्या वेळापूर्वीचं घेतो, आणि दोन्हींत किती ठिपके बदलले ते मोजतो. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त बदलले की अलर्ट. स्वस्तात होतं, म्हणून जवळपास सगळ्यांत असतं. पण इथे कॅमेऱ्याला ‘माणूस’ वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त बदल कळतो. वाऱ्याने जास्वंद हलली, बदल. पंखा फिरला, बदल. दिवाळीत तर विचारूच नका, दारात आकाशकंदील झुलतोय, माळा लुकलुकतायत, कॅमेऱ्याच्या मते अख्खी रात्र दरोडा चाललाय.

दुसरी तऱ्हा, पीआयआर सेन्सर. कॅमेऱ्याच्या अंगावर पांढरट, जाळीदार प्लॅस्टिकचा फुगवटा दिसतो ना, तो. हा चित्र बघत नाही, उष्णता बघतो. माणसाच्या अंगातून सतत इन्फ्रारेड किरण बाहेर पडतात, त्यांची तरंगलांबी साधारण ९-१० मायक्रॉनच्या आसपास असते. सेन्सरसमोरची जागा त्या प्लॅस्टिकच्या भिंगाने पट्ट्यांमध्ये विभागलेली असते. गरम वस्तू एका पट्टीतून दुसरीत गेली की सेन्सर जागा होतो. त्यामुळे हलणारी फांदी, सावली, लुकलुकणारी माळ यांना तो सहसा भुलत नाही.

पण याच्याही तीन खोडी आहेत. एक, माणूस समोरून आडवा गेला तर पटकन कळतं, सरळ सेन्सरच्या दिशेने चालत आला तर उशिरा कळतं. म्हणजे गेटकडे सरळ तोंड करून लावण्यापेक्षा थोडा बाजूला, वाट तिरकी दिसेल असा लावा. दोन, काचेतून हे किरण आरपार जात नाहीत. खिडकीच्या आतून बाहेर रोखलेला पीआयआर म्हणजे डोळ्यावर पट्टी. तीन, आपला उन्हाळा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. संध्याकाळी ऊन उतरलं तरी तापलेली भिंत माणसाच्या अंगाइतकीच गरम असते. फरकच राहिला नाही तर सेन्सर बघणार काय?

बॅटरीवाले कॅमेरे मुख्यतः याच सेन्सरवर चालतात. बॅटरी वाचवायला कॅमेरा झोपलेला असतो, पीआयआर त्याला उठवतो, मग रेकॉर्डिंग. या उठण्यात पहिला एखाद-दुसरा सेकंद निसटू शकतो. क्लिपमध्ये चेहरा न येता फक्त जाणाऱ्याची पाठ येते, त्याचं कारण बरेचदा हे असतं. वायरवाला कॅमेरा कायम जागा असतो, त्यामुळे तो हालचालीच्या आधीचे काही सेकंदही क्लिपमध्ये जोडू शकतो. जवळ प्लग पॉइंट असेल तर वायरवालाच घ्या.

तिसरी तऱ्हा, माणूस ओळखणं. चित्रात बदल झाला की कॅमेऱ्यातलं मॉडेल बघतं, हा आकार माणसाचा आहे, कुत्र्याचा आहे की गाडीचा. शंभर टक्के अचूक नसतं. वाळत घातलेला शर्ट कधीकधी माणूस ठरतो. पण अलर्टची संख्या खूप खाली येते आणि आपला सगळा खेळ तोच आहे. इथे दुकानदाराला दोन प्रश्न विचारायचे. ही ओळख कॅमेऱ्याच्या आत होते की कंपनीच्या सर्व्हरवर? आणि ती फुकट आहे की महिन्याच्या प्लॅनमध्ये? काही ठिकाणी सुरुवातीला फुकट देतात आणि नंतर पैसे मागतात. मग दोन हजारांचा कॅमेरा वर्षभरात केवढ्याला पडला ते मोजा.

जोडीला ‘अ‍ॅक्टिव्हिटी झोन’ हवाच. म्हणजे चित्रातला रस्ता सोडून फक्त आपलं फाटक आणि पायऱ्या एवढ्याच भागावर लक्ष ठेव, असं सांगता येतं. रस्त्यालगतच्या घराला हे नसेल तर प्रत्येक रिक्षाचा अलर्ट येईल.

मेगापिक्सेलचं साधं गणित

आता थोडं गणित, घाबरू नका. सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकातून आलेला एक ढोबळ नियम आहे. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखू यायचा असेल तर चित्रात दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल हवेत. नुसतं ‘कुणीतरी आहे’ एवढं कळायला २५ पुरतात.

१०८०पी कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. भागिले २५०, म्हणजे समोरची जागा साधारण साडेसात मीटर रुंद असेपर्यंतच चेहरा ओळखू येणार. कॅमेऱ्याचा कोन ९० अंश धरला तर हे अंतर होतं पावणेचार मीटरच्या आसपास. चार मेगापिक्सेलचा, २५६० पिक्सेल रुंदीचा घेतला तर साधारण पाच मीटर. म्हणजे जास्त पैसे मोजून वाढलं किती, तर सव्वा मीटर! त्यापेक्षा कॅमेरा दोन मीटर जवळ लावणं फुकट आहे.

उंचीचंही तेच. छपराच्या टोकाला लावला की अंगण छान दिसतं, पण दिसतात ती लोकांची डोकी आणि टोप्या. चेहरा हवा असेल तर दाराजवळ, माणसाच्या डोक्यापेक्षा थोडा वर, हात सहज पोचणार नाही इतपत.

रात्री काय होतं

बहुतेक कॅमेरे रात्री स्वतःचे इन्फ्रारेड एलईडी लावतात. ८५० नॅनोमीटरवाले लांबपर्यंत उजेड टाकतात, पण जवळून बघितलं तर मंद लाल ठिपके दिसतात. ९४० वाले दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. एलईडीमुळे कोळी आणि पाखरं लेन्सच्या जवळ येतात. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी लेन्ससमोरून उडणारं एखादं पाखरू चित्रात चिमणीएवढं दिसतं आणि अलर्टची रांग लागते. उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा फडक्याने जाळं काढा, आणि जमलं तर अंगणात वेगळा बल्ब ठेवून कॅमेऱ्याचे एलईडी बंद करा.

व्हिडिओ जातो कुठे

१०८०पी व्हिडिओ साधारण २ मेगाबिट प्रति सेकंद वेगाने साठतो असं धरू. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. १२८ जीबीचं कार्ड अखंड रेकॉर्डिंगवर जेमतेम सहा दिवस पुरतं, मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. फक्त हालचालीच्या क्लिपा ठेवल्या, समजा दिवसाला २० सेकंदांच्या ५०, तर रोजचे २५० एमबी होतात. तेच कार्ड वर्षभराहून जास्त चालेल. म्हणजे मोशन डिटेक्शन चांगलं असेल तर साठवणुकीचा प्रश्नही तिथेच सुटतो.

गावी ब्रॉडबँड नाही म्हणून सिमवाला ४जी कॅमेरा घेताय? दिवसाला २ जीबीचा पॅक या वेगाने सव्वादोन तासांत संपतो. तिथे सतत लाइव्ह बघायचं विसरा, फक्त क्लिपा ठेवा.

कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं घ्या, मोबाइलवालं साधं कार्ड सततच्या लिहिण्याने लवकर मरतं. पण चोराने कॅमेराच उचकटून नेला तर कार्डही गेलं. म्हणून निदान हालचालीच्या क्लिपा घराबाहेर कुठेतरी जायला हव्यात, किंवा कपाटात कुलूपबंद रेकॉर्डर हवा. रेकॉर्डर लावणार असाल तर कॅमेऱ्यावर ‘ऑनव्हिफ’ लिहिलंय का ते बघा. हे खुलं मानक आहे, त्यामुळे एकाच कंपनीच्या खुंटीला बांधले जात नाही.

आणि लाइट! कॅमेरा इन्व्हर्टरवर आहे पण राउटर नाही, तर लाइट गेल्यावर अलर्ट फोनपर्यंत पोचणारच नाही. राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, तो खर्च कॅमेऱ्याच्याच बजेटमध्ये धरा. जाता जाता हेही बघा, की बरेच कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर चालतात.

बघणारं आणखी कोण

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाचा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. कसे? कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. २१ ऑक्टोबर २०१६ ला याच फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. लोकांच्या घरचे कॅमेरे त्या हल्ल्यात सामील होते आणि मालकांना पत्ताही नव्हता.

दुसरं उदाहरण फेब्रुवारी २०२४ चं. वाईझ या अमेरिकी कंपनीच्या सेवेत गोंधळ होऊन सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्या घरातल्या कॅमेऱ्यांची चित्रं दिसली. पासवर्ड कुणाचाच चोरीला गेला नव्हता. व्हिडिओ सर्व्हरवर असला की धोका फक्त तुमच्या हातात राहत नाही, एवढं यातून घ्या.

आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठराविक कसोट्या सक्तीच्या झाल्यात. बॉक्सवर बीआयएसचा ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा. क्रमांकच नसेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. घरी आणल्यावर मूळ पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, अपडेट टाळू नका.

आता घरातली गोष्ट. कॅमेरा दाराबाहेर रोखलाय तोवर ठीक. हॉलमध्ये लावताय? मग आईला विचारलंत का? दुपारी सोफ्यावर आडवं होताना आपला मुलगा पुण्यातून बघत असेल, ही जाणीव घेऊन जगणं सोपं नाही. कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगायला हवं. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असं सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पण कोर्टाची वाट कशाला बघायची? एक फोन करून विचारा. शेजाऱ्यांचं दार चित्रात येत असेल तर ‘प्रायव्हसी मास्क’ने तो भाग काळा करा.

घेतल्यावर पहिलं काम

कॅमेरा आला की रिटर्नची मुदत संपायच्या आत एक परीक्षा घ्या. एकदा दिवसा, एकदा रात्री. घरातल्या कुणालातरी फाटकातून दारापर्यंत चालत यायला सांगा. आधी सरळ, मग भिंतीच्या कडेने, मग छत्री घेऊन. तुम्ही घराच्या वायफायवर नाही, मोबाइल डेटावर बसा. अलर्ट किती सेकंदांत आला, क्लिपमध्ये चेहरा दिसला का, हे लिहून ठेवा. मग तीन दिवस काहीच न करता मोजा, रोज फुकटचे अलर्ट किती आले. दहाच्या आत असतील तर ठेवा. पन्नास येत असतील तर झोन आणि सेन्सिटिव्हिटी बदलून बघा. तरीही ऐकत नसेल तर परत पाठवा, कारण तो कॅमेरा तुम्ही महिन्याभरात म्यूट करणार हे नक्की.

आणि आई-बाबांच्या फोनमध्येही अ‍ॅप टाकून द्या. घराच्या सगळ्यात जवळ तेच आहेत, बरोबर ना?

चला, आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!