बालाघाटाची रेंज शिकणारी यंत्रे

टॉवरवरून निघालेली रेडिओलहर मोबाइलपर्यंत कोणत्या अवस्थेत पोहोचेल, याचा अंदाज केवळ सूत्रावर न बांधता प्रत्यक्ष मोजमापांवरून बांधणे, हे बिनतारी संदेशवहनातले मशिन लर्निंगचे मुख्य काम. सूत्र आणि मोजमाप यांतला फरक किती पडतो, ते बीडसारख्या जिल्ह्यात नीट कळते. उत्तरेला गोदाकाठची गेवराई-माजलगावची काळी जमीन, दक्षिणेला बालाघाटाचे पठार, आणि वाटेत मांजरसुंब्याचा नि धारूरचा घाट. माथ्यावर भरपूर रेंज असलेला फोन दोन वळणे उतरताच मुका होतो, हा घाटवाटांचा नेहमीचा अनुभव आहे.

टॉवर कुठे उभारायचा हे ठरवताना अभियंते अनेक वर्षे ज्या सूत्राचा आधार घेत आले, ते टोकियोत जन्मले. योशिहिसा ओकुमुरा यांनी त्या शहरात आणि आसपास लहरींची मोजमापे घेऊन १९६८ साली आलेख प्रसिद्ध केले, आणि १९८० साली मासाहारु हाता यांनी ते आलेख सूत्रात बसवले. फ्रिक्वेन्सी, टॉवरची उंची, मोबाइलची उंची आणि दोघांतले अंतर एवढे चार आकडे घातले की लहर किती क्षीण होईल ते मिळते. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की शक्ती चौथाईवर येते; ३० मीटर उंच टॉवरसाठी हाता यांच्या सूत्राने ती दहाव्या हिश्श्याहूनही खाली जाते. शहर, उपनगर आणि उघडे रान यांसाठी वेगळ्या दुरुस्त्याही आहेत. पण सूत्र भूभाग साधारण सपाट धरून चालते. टॉवर आणि गाव यांच्यामध्ये डोंगराची धार आडवी आली आहे, हे त्या चार आकड्यांत कुठेच येत नाही.

मशिन लर्निंगचे प्रारूप त्या चार आकड्यांसोबत जागेची माहितीही घेते. जमिनीची उंची सांगणारे नकाशे उपलब्ध आहेत. अमेरिकी अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने केलेली मोजणी तर कोणालाही फुकट मिळते. उपग्रहचित्रांवरून झाडी, पिके आणि घरे कळतात. मग मोजणीचे यंत्र ठेवलेली गाडी रस्त्यांवरून फिरवून ठिकठिकाणी सिग्नल मोजला जातो. याला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. हजारो ठिकाणी भूभाग असा होता तेव्हा सिग्नल एवढा होता, अशा जोड्या दिल्या की प्रारूप त्यांतला संबंध स्वतः शोधते आणि न मोजलेल्या जागेचा अंदाज देते.

यातली अडचण मोजणीपासूनच सुरू होते. गाडी डांबरी रस्त्याने फिरते, माणसे मात्र तांड्यावर, वस्तीवर आणि मळ्यात राहतात. धुळे-सोलापूर महामार्गावर तयार झालेले प्रारूप त्या महामार्गाबद्दल उत्तम बोलेल. पाटोदा-शिरूर कासारच्या दऱ्यांतल्या वस्तीबद्दलचा त्याचा अंदाज कच्चाच राहणार. जिथे टॉवर आणि ग्राहक कमी, तिथे मोजमापेही कमी, म्हणजे जिथे अचूक अंदाजाची गरज सर्वांत जास्त तिथेच प्रारूप सर्वांत दुबळे. बीडसाठी हा प्रश्न कोणता अल्गोरिदम वापरावा यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

शिवाय रान वर्षभर सारखे राहत नाही. वाढलेला ऊस ३ मीटरपर्यंत जातो. फोन माणसाच्या हातात किंवा कानाशी, म्हणजे जमिनीपासून जेमतेम दीड मीटरवर. फडाच्या बांधावर उभे राहून बोलणाऱ्याचा सिग्नल पानांच्या थराखालून येतो, आणि पानांतले पाणी तो शोषते. ऊस तुटला की त्याच बांधावर रेंज सुधारते. उन्हाळ्यात घेतलेली मोजमापे त्यामुळे भाद्रपदात तशीच लागू पडत नाहीत. प्रारूपाला जागेबरोबर पिकाची अवस्थाही सांगावी लागते.

टॉवरवर किती भार येईल, हा अंदाजही आता यंत्रे बांधतात. भार कमी असेल तेव्हा टॉवरवरची काही उपकरणे झोपवून वीज वाचवता येते, आणि गर्दी होणार असेल तिथे आधीच क्षमता वाढवता येते. त्यासाठी मागच्या वापराचे आकडे शिकवले जातात. बीडमध्ये या आकड्यांना मोठी कलाटणी मिळते ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोड कामगारांची जोडपी, म्हणजे त्यांच्या भाषेत कोयते, टोळीने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्याबरोबर फोनही जातात. गावाकडच्या टॉवरचा भार उतरतो, कारखान्याच्या परिसरातला चढतो. पावसाळ्यातल्या आकड्यांवर शिकलेले प्रारूप अशा वेळी चुकते, आणि त्याला नव्या आकड्यांवर पुन्हा शिकवावे लागते. यात्रांचा हिशेब आणखी वेगळा. परळी वैजनाथची महाशिवरात्र आणि कपिलधारची कार्तिकी पौर्णिमा इंग्रजी कॅलेंडरात दरवर्षी जागा बदलतात. प्रारूपाला फक्त तारखा दिल्या तर गेल्या वर्षीची गर्दी ते अपघात समजून सोडून देईल. तिथी दिली तर हीच गर्दी नेमाने येणारी ठरते. नेटवर्कच्या तंत्रज्ञाने पंचांग उघडावे, असे हे प्रसंग आहेत.

सिग्नल पोहोचल्यावर तो वाचण्याचे कामही शिकण्यातूनच होते, आणि ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी १९६० साली, चूक मोजून त्या प्रमाणात गुणांक थोडे थोडे बदलत नेण्याची रीत मांडली. १९६५ साली बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट लकी यांनी टेलिफोनच्या तारेतली विकृती आपोआप दुरुस्त करणारे यंत्र मांडले. आजची न्यूरल नेटवर्क मुळात चूक मोजून गुणांक बदलण्याच्या याच रीतीने शिकतात. मोबाइलमध्ये टॉवर अधूनमधून ठरावीक, आधीच ठाऊक असलेले संकेत पाठवतो. ते कसे बिघडून आले हे पाहून बाकीचा मजकूर सरळ करायचा असतो. २०१७ साली टिमोथी ओशे आणि याकोब हॉयडिस यांनी पुढचे पाऊल सुचवले: पाठवणारा आणि घेणारा, दोन्ही टोके एकच न्यूरल नेटवर्क समजून एकत्र शिकवायची. प्रत्यक्ष मानकांत मात्र सावधगिरी आहे. ५जीचे नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी संस्थेने मानकांच्या रिलीज १८ या आवृत्तीत हवेतल्या दुव्यासाठी तीनच उपयोग तपासले: मार्गाची माहिती फोनने आटोपशीरपणे टॉवरला कळवणे, योग्य दिशेचा झोत निवडणे आणि फोनची जागा ओळखणे. कारणही साधे आहे. ५जीच्या प्रचलित मांडणीत एक स्लॉट, म्हणजे संदेश पाठवण्याचा वेळेचा तुकडा, अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. उत्तर त्या वेगाने हवे, तेही फोनच्या बॅटरीवर.

महाराष्ट्रात खेड्यांच्या रेंजवर झालेले ठळक संशोधन पालघर जिल्ह्यातले. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी दूरदर्शनसाठी राखलेल्या पण रिकाम्या राहणाऱ्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून गावांपर्यंत इंटरनेट नेऊन दाखवले. त्यांच्या अभ्यासात देशात जवळपास सर्वत्र १५ पैकी किमान १२ वाहिन्या मोकळ्या आढळल्या. या लांब लहरी झाडीतून आणि उंचवट्यांवरून वरच्या फ्रिक्वेन्सींपेक्षा बऱ्या जातात, म्हणून बालाघाटासारख्या मुलखालाही त्या सोयीच्या. कोणती वाहिनी कुठे, केव्हा मोकळी आहे हे गोंगाटातून ओळखणे, हे वर्गीकरणाचे काम मशिन लर्निंगला चांगले जमते.

बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्याने विशेष लक्ष द्यावे असा आणखी एक उपयोग आहे. अनेक टॉवर एकमेकांशी मायक्रोवेव्हच्या दुव्यांनी जोडलेले असतात. मध्ये पाऊस पडला की त्या लहरी क्षीण होतात. कंपनीच्या दृष्टीने ही कटकट. पण किती क्षीण झाल्या यावरून पाऊस किती पडला हे काढता येते. तेल अवीव विद्यापीठाच्या हागित मेसर यांनी २००६ साली हे दाखवले, आणि २०१३ साली नेदरलँड्समध्ये सुमारे २,४०० दुव्यांवरून साऱ्या देशाचा पर्जन्यनकाशा काढला गेला. सिग्नल पावसाने घटला, की दवाने ओल्या झालेल्या अँटेनामुळे, की उपकरणातल्या दोषाने, हे वेगळे करण्यासाठी प्रारूप शिकवावे लागते. शिकवायला खरा पाऊस हवा, आणि तो महसूल मंडळांतल्या पर्जन्यमापकांकडून मिळू शकतो. एका मंडळात अनेक गावे येतात, आणि पाऊस एका शिवारात पडून दुसरे कोरडे सोडतो. टॉवरांमधले दुवे नेमके या मधल्या शिवारांवरून जातात. त्यांच्या सिग्नलच्या नोंदी कंपन्या आपली यंत्रणा सुरळीत चालावी म्हणून ठेवतातच. पावसासाठी वापरायच्या तर त्या हवामान आणि कृषी खात्याच्या हाती देण्याची व्यवस्था लागेल.