पान उलटताच धावणारी शाई

ई-रीडरची बॅटरी पार संपली तरी पडद्यावर उमटलेली अक्षरं जात नाहीत. मोबाइलची बॅटरी गेली की समोर नुसती काळी काच उरते. इथे मात्र अक्षरं जागच्या जागी असतात. छापील पुस्तकांत वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला या यंत्राबद्दल आदर वाटू लागला तो इथपासून. वीज नसताना अक्षर टिकतं कशाच्या जोरावर? उत्तर साधं आहे आणि थक्क करणारंही: ती खरोखरच शाई आहे.

पडद्याच्या आत लाखो सूक्ष्म कुप्यांचा थर असतो. एकेक कुपी जेमतेम माणसाच्या केसाच्या जाडीची. तिच्यात पारदर्शक द्रव, आणि द्रवात दोन रंगांचे कण. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं त्याच द्रव्याचे. पांढऱ्या आणि काळ्या कणांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. मागून वीज एका दिशेने लावली की पांढरे वर येतात आणि काळे तळाशी जातात. दिशा उलटली की काळे वर. चांगल्या ई-रीडरवर इंचभर लांबीत 300 ठिपके, म्हणजे एका चौरस इंचात 90,000 ठिपके असे वेगवेगळे हाताळता येतात. कण जागेवर पोचले की विजेचं काम संपलं. म्हणून या शाईला वीज लागते ती पान उलटताना, वाचताना नाही.

पान उलटताना मध्येच कधीतरी सगळा पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळतो. काहीतरी बिघडलं असं वाटावं, पण ती साफसफाई असते. काही कण अर्धवट राहिले की आधीच्या पानाची पुसट सावली मागे उरते. ती घालवायला सगळ्या कणांना या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवून आणावं लागतं. मला तो क्षण फार आवडतो, कारण तेवढ्यापुरती शाईची धावपळ साध्या डोळ्यांना दिसते.

हा पडदा स्वतः उजळत नाही. त्याच्यावर पडलेला प्रकाश परत येतो आणि आपण वाचतो, अगदी कागदासारखं. त्यामुळे भर उन्हात मोबाइल दिसेनासा होतो, तर इथे अक्षर आणखी ठसठशीत होतं. रात्रीसाठी कडेला बारीक दिवे असतात, पण तेही पडद्याच्या पुढच्या बाजूने पानावर उजेड टाकतात. वाचकाच्या डोळ्यांत नाही.

ही शाई अमेरिकेतल्या एमआयटीत घडली. जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी तिच्यावर काम केलं. 1997मध्ये ई इंक कंपनी निघाली, 1998मध्ये ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला. 2004मध्ये सोनीने जपानमध्ये या शाईचा पहिला ई-रीडर विकायला काढला आणि 2007मध्ये किंडल आलं.

आपल्या लिपीत तर आणखी एक गंमत घडते. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांत देवनागरीचं पान जुळवायला शेकडो वेगवेगळे खिळे लागत. ई-रीडरमधल्या फाइलीत जुळवलेलं पान नसतंच. असते ती फक्त वर्णांची रांग, आणि तीही उच्चाराच्या क्रमाने: ‘कि’ लिहिताना आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. वेलांटी क-च्या आधी नेऊन ठेवणं, जोडाक्षर घडवणं, रफार योग्य डोक्यावर चढवणं, ओळी तोडणं, हे सगळं पान उघडण्याच्या क्षणी होतं. प्रत्येक पान वाचकासमोर नव्याने जुळवलं जातं आणि लगेच शाईत उमटतं. म्हणूनच हे यंत्र मला टीव्ही-मोबाइलच्या जातीचं वाटत नाही. तळहातावर मावणारा छापखाना आहे हा.

आणि जुन्या छापखान्याला न परवडणारी एक गोष्ट तो सहज करतो. मोठ्या टायपातलं पुस्तक काढायचं तर प्रकाशकाला कागद, पानं, किंमत सगळ्याचा हिशेब करावा लागतो. पाच-सहाशे पानांची कादंबरी तशी क्वचितच निघते. इथे नजर अधू झालेल्या आजोबांनी अक्षर वाढवलं की अख्खी कादंबरी त्यांच्यापुरती पुन्हा जुळवली जाते. छापील पुस्तकावर प्रेम असेल तर मूळ प्रेम वाचण्यावर असतं, आणि सुटलेलं वाचन परत मिळवून देणाऱ्या या शाईला माझ्या कपाटात मानाची जागा आहे.