बैठ्या घराचं अंगण

सॅक्रामेंटोच्या आसपास, कार्मायकल आणि आर्डन भागात, पन्नास-साठच्या दशकात बांधलेली घरं अजून गल्लीगल्लीतून दिसतात. एकमजली, रस्त्याला समांतर पसरलेली, कमी उताराचं छप्पर, रुंद वळचण, पुढे एक मोठी काचेची खिडकी आणि एका टोकाला दोन गाड्यांचं गॅरेज. यांना रँच घरं म्हणतात. नाव गोठ्या-कुरणांवरून आलंय, पण या घरांच्या मालकांनी गाय फक्त दुधाच्या डब्यावर पाहिलेली असते. क्लिफ मे नावाच्या, वास्तुरचनेचं रीतसर शिक्षण न घेतलेल्या माणसानं १९३०च्या दशकात सॅन दिएगोत अशी घरं बांधायला सुरुवात केली. १९४६ साली 'सनसेट' मासिकानं त्याच्यासोबत या घरांवर पुस्तकच काढलं. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीची गृहकर्जं मिळू लागली होती, गाडी दारात आली होती, जमीन स्वस्त होती. घरं उंच व्हायच्या ऐवजी आडवी होत गेली.

आता ती घरं आपली मुलं विकत घेतात. बे एरियातल्या किमती ऐकून दम लागला की मंडळी सॅक्रामेंटोकडे सरकतात. घर घेताना खिसा रिकामा होतो आणि पुढचं अंगण तसंच राहतं: वाळकी हिरवळ, खिडकी अर्धी झाकून टाकणारी, कुणीतरी कधीकाळी लावलेली ज्युनिपरची झुडपं, आणि ड्राइव्हवेपासून दारापर्यंत जेमतेम एक माणूस जाईल एवढी सिमेंटची पट्टी. मग कुणीतरी लँडस्केपरला बोलावतं. त्याचं कोटेशन पाहिलं की मला फोन येतो, "काकू, जरा येऊन बघता का?"

मी व्यवसायानं माळी नाही. आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डावर इमारतींचे नकाशे काढले. पण सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी आहे, आणि फुकटचा सल्ला द्यायला मला आवडतं. त्यात पहिलं वाक्य ठरलेलं: नर्सरीत जाऊ नका. आधी काढा.

बैठ्या घराचं सौंदर्य त्याच्या आडव्या रेषेत असतं. छपराची कड, वळचण, खिडकीची चौकट, सगळं आडवं. वर्षानुवर्षं माजलेली झुडपं ती रेषा झाकतात आणि घर जमिनीत खचल्यासारखं दिसतं. झुडूप खिडकीच्या उंबऱ्याच्या वर गेलं असेल तर ते जाऊ द्या. ज्युनिपर जुन्या लाकडापर्यंत छाटला तर पुन्हा फुटत नाही, त्यामुळे तिथे छाटणीनं भागत नाही, मुळासकट उपटावा लागतो. उलट, जुनं मोठं झाड असेल तर त्याला हात लावू नका. फक्त खालच्या फांद्या काढून त्याचं खोड मोकळं करा. दोन दिवसांच्या करवत-कुदळीच्या कामानं जो फरक पडतो तो हजार डॉलरच्या रोपांनी पडत नाही. खणायच्या आधी मात्र ८११ला फोन. देशभर हा नंबर फुकट आहे. माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या रेघा मारून जातात: पिवळी गॅसची, लाल विजेची, निळी पिण्याच्या पाण्याची, हिरवी सांडपाण्याची. आधी दोन-तीन कामाचे दिवस हातात ठेवावे लागतात, एवढंच.

हिरवळीचं काय करायचं, हा खरा प्रश्न. इथे जून ते सप्टेंबर पाऊस जवळपास नसतोच. २०१५च्या दुष्काळात गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरांना पाण्याचा वापर पंचवीस टक्क्यांनी कमी करायचा हुकूम दिला, तेव्हापासून पुढची हिरवी लॉन हा इथे मिरवायचा विषय राहिला नाही. बऱ्याच पाणीपुरवठा संस्था लॉन काढण्यासाठी चौरस फुटामागे पैसे देतात. पण अर्ज आधी करायचा असतो. लॉन उपटून झाल्यावर फोटो पाठवले तर बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही. उत्साही माणसं नेमकी इथे अडकतात. सोसायटीची, म्हणजे एचओएची, धास्ती असेल तर हेही माहीत असू द्या: कमी पाण्यावर जगणारी झाडं लावायला कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं सोसायटीला मनाई करता येत नाही. आराखडा मंजूर करून घ्यायला सांगता येतो, तेवढा घ्या.

लॉन मारायची सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे पुठ्ठा आणि लाकडाच्या चिप्स. गवत जमिनीलगत कापायचं, भिजवायचं, फ्रिज-वॉशिंग मशीनचे मोठे खोके उलगडून, चिकटपट्ट्या काढून, वीतभर एकमेकांवर चढवून अंथरायचे आणि वर चार इंच चिप्स. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या उद्यानतज्ज्ञ लिंडा चॉकर-स्कॉट यांना पुठ्ठा पसंत नाही. त्यानं मातीत हवा खेळत नाही, नुसत्या चिप्सचा जाड थर पुरे, असं त्या सांगतात. मला त्यांचं पटतं, पण चिप्स जाड घालायच्या तर ढीगही तेवढा मोठा लागतो. झाडं तोडणाऱ्या कंपन्यांना चिप्स टाकायला जागा हवीच असते. त्या फुकट देतात, फक्त ट्रकभर एकदम देतात. एक घनयार्ड माल तीन इंच जाडीनं साधारण १०८ चौरस फूट झाकतो. दुकानातल्या दोन घनफुटी पिशव्या घेतल्या तर तेवढ्याच मालाला चौदा पिशव्या लागतात. हिशेब करा आणि ट्रक मागवा. ड्राइव्हवे दोन शनिवार अडून राहील, शेजारी चौकशी करतील, आणि त्यातला एखादा स्वतःची ढकलगाडी घेऊन चिप्स मागायलाही येईल. बुंध्याला चिप्स टेकवायच्या नाहीत, खोड कुजतं.

पण तुमच्या अंगणात बर्म्युडा गवत असेल तर या सगळ्याला ते हसतं. आणि बर्म्युडा म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपली हरळी. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी वाहतो तीच. माझे वडील नांगरटीनंतर आम्हा भावंडांना काशा वेचायला लावायचे, आणि म्हणायचे की एक पेर राहिलं तरी पुढच्या वर्षी परत वेचायचंय. इथे मी पुठ्ठ्याचा जोड उचलून पाहिलाय: खाली पांढरीफटक, सुईसारख्या टोकाची काशी हातभर आडवी धावत येऊन नेमकी दोन खोक्यांमधली फट शोधते आणि तिथून हिरवं पान वर काढते. चिप्सवर ते पान इतकं निरागस दिसतं! हिच्यासाठी ऊन वापरायचं. जूनच्या अखेरीस गवत अगदी जमिनीलगत कापून, माती खोलवर भिजवून, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या. चार ते सहा आठवडे तसंच. काळं नाही, पारदर्शकच, कारण ऊन आतपर्यंत पोचून माती तापायला हवी. सॅक्रामेंटोचा जुलै या कामाला उत्तम आहे, एरवी कशालाच नाही. नंतर ज्या चार काशा डोकं काढतील त्या दिसल्या की लगेच उपटायच्या. मी गणपतीसाठी एक कुंडी राखून आहे. कुंडी सिमेंटवर ठेवलीय, मातीवर नाही.

आता पैसे कुठे घालायचे? वाटेत. रोपांत नाही.

रँच घरात गाडीतून उतरून दारापर्यंतची ती अरुंद पट्टी हीच पाहुण्यांची पहिली ओळख असते. दोन माणसं शेजारीशेजारी चालू शकतील एवढी, म्हणजे चार-पाच फूट, वाट हवी. जुनी पट्टी फोडायची गरज नाही. तिच्या दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट खडी किंवा डीजी, म्हणजे ग्रॅनाइटची भरड, दाबून बसवा. डीजी ओली करून ठोकली की घट्ट बसते आणि घनयार्डानं घेतली तर फारच स्वस्त पडते. घराजवळ मात्र थोडी थांबवा, नाहीतर कणी बुटाला चिकटून घरात येते. कुणाचा जुना ड्राइव्हवे फोडला जात असेल तर त्याचे तुकडे फुकट मिळतात. सपाट बाजू वर ठेवून ते डीजीत बसवले की फरशीचं काम होतं. दाराशी मात्र हात आखडू नका. चार-सहा फुटांचा एक चौकोन साध्या सिमेंटचा करून घ्या. तिथे चप्पल काढायला, बाक ठेवायला आणि दिवाळीला रांगोळी काढायला जागा होते. इथल्या कित्येक घरांत दारासमोर ठिपक्यांची रांगोळीच बसत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

वाफा भिंतीलगत दोन फुटांचा आणि त्यात सारख्या अंतरावर गोल कापलेली झुडपं, ही पद्धत सोडा. पीटीच्या तासाला उभी केलेली मुलं वाटतात ती. शिवाय रुंद वळचणीखाली पावसाचं पाणी पडतच नाही, त्यामुळे भिंतीलगतचं झाड भर पावसाळ्यातही कोरडं राहतं. तिथे खडी घाला. वणव्याच्या पट्ट्यात राहत असाल तर घरापासून पाच फुटांत पेटणारं काही ठेवू नका असं अग्निशमन खातंही सांगतं, आणि त्यात लाकडाच्या चिप्सही येतात. खरा वाफा या पट्टीच्या पुढे सुरू करा, सात-आठ फूट रुंद, लांबट, घराच्या रेषेला धरून. पाण्याची रबरी नळी उन्हात तापवून मऊ करा, जमिनीवर टाका आणि रस्त्यापलीकडून पाहा. वळण पटलं नाही तर पायानं सरकवा. कागदावर नकाशे काढण्यात माझी हयात गेली, तरी हे काम कागदावर होत नाही.

झाड एकच, लहान, आणि गॅरेजच्या विरुद्ध टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यापासून जरा बाहेर. म्हणजे आडव्या रेषेला तोल येतो. दाराच्या दोन्ही अंगांना उंच टोकदार सायप्रस लावणारे लोक मला समजत नाहीत. बैठं घर त्यानं आणखी बुटकं दिसतं. माझी निवड वेस्टर्न रेडबड. आपल्या आपट्या-कांचनाच्या नात्यातलं हे झाड पंधरा फुटांच्या आसपास थांबतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पान फुटायच्या आधी काड्यांवर किरमिजी फुलं येतात. त्याच्या खाली डिअर ग्रासचे झुबके, क्लीव्हलँड सेज आणि उन्हाळ्याच्या शेवटी तांबडं फुलणारं कॅलिफोर्निया फ्यूशिया. एक जात घ्यायची तर पाच-सात रोपं घ्या. प्रत्येकी एक असा नमुनासंग्रह केला की अंगण नर्सरीच्या टेबलासारखं होतं. आणि एक गॅलनच्या कुंडीतली रोपं घ्या. पाच गॅलनचं रोप तिप्पट महाग असतं, आणि दोन-तीन वर्षांनी दोघांत फरक ओळखता येत नाही. तोवर मधल्या मोकळ्या जागेची लाज वाटू देऊ नका. डिअर ग्रास चार फूट पसरतं, त्याला जागा आधीच सोडावी लागते. यू.सी. डेव्हिसच्या आर्बोरेटमनं या हवेत टिकणाऱ्या शंभर झाडांची 'ऑल-स्टार्स' नावाची यादी केली आहे, आणि त्यांच्या रोपविक्रीत त्यातली बरीच मिळतात.

लावायची वेळ आपल्या लोकांची हमखास चुकते. मृग नक्षत्र हाडात मुरलेलं असतं. जून लागला की कुदळ हातात! इथे जूनमध्ये लावलेलं रोप सप्टेंबरपर्यंत रोज पाणी मागतं आणि तरी मरतं. इथला पावसाळा नोव्हेंबरात सुरू होतो. ऑक्टोबरच्या मध्यावर, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास लावा, म्हणजे हिवाळाभर मुळं खोल जातात. पहिले एक-दोन उन्हाळे ठिबकनं पाणी द्यावं लागतं. जुन्या स्प्रिंकलरच्या एका नळीला ठिबकचा जोड बसवता येतो, नवीन पाइपलाइन खणायची गरज नाही.

तुळस आणि मोगरा कुंडीतच ठेवा. थंडीतल्या दहिवरात दोन्ही जळतात, वळचणीखाली वाचतात. कढीपत्त्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. लिंबू-संत्र्यांचा ग्रीनिंग रोग पसरवणारा सिलिड नावाचा किडा कढीपत्त्यावरही राहतो, म्हणून राज्यानं आखलेल्या क्वारंटाइन भागांतून त्याची रोपं बाहेर नेण्यावर बंधनं आहेत. लॉस एंजेलिसच्या मामीनं प्रेमानं दिलेलं रोप गाडीच्या डिकीत घालून उत्तरेला आणू नका. परवानाधारक नर्सरीतून घ्या.

वाटेच्या दोन्ही कडांना ओळीनं सोलर दिवे टोचायची हौस टाळता आली तर टाळा. उजेड दाराशी आणि पायरीवर हवा. तेवढ्याला बारा व्होल्टचे दोन-तीन दिवे पुरतात. उरलेल्या पैशांत दार रंगवा. बैठ्या, मातकट भिंतीच्या घराला गडद निळं किंवा हळदीचं पिवळं दार शोभतं, आणि त्याला गॅलनचा डबा लागत नाही, क्वार्टचा पुरतो.