कॉलेजचे ग्रंथालय घरापर्यंत यावे

१९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे केले. खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर शहरात राहायला जागा हवी, हा साधा विचार त्यामागे होता. शाळा होती, पण ती मुलांच्या आवाक्यात नव्हती. ते अंतर बोर्डिंगने कमी केले.

आज आपल्या घरांतली मुले-मुली कॉलेजात जातात, पण ग्रंथालयाचे अंतर अजून उरले आहे. आजरा किंवा शाहूवाडीकडून येणारी मुलगी तास संपले की एसटी गाठते. मुलगा दुपारनंतर अब्बांच्या दुकानावर बसतो. ग्रंथालय उघडे असते तेव्हा या मुलांना वेळ नसतो, आणि रात्री ती अभ्यासाला बसतात तेव्हा ग्रंथालयाला कुलूप असते. हातात मोबाइल मात्र असतो. हे अंतर त्या मोबाइलवरून पुष्कळ कमी करता येते, हे आपल्या घरांत अजून फारसे बोलले जात नाही.

काय काय मिळू शकते?

खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय कोणालाही मोफत खुले आहे. त्यात शालेय अभ्यासापासून संशोधनापर्यंतचे साहित्य आहे, मराठीतलेही आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध वाचता येतात. शिवाजी विद्यापीठाचे प्रबंधही तिथे आहेत. याच केंद्राची ‘एन-लिस्ट’ ही योजना कॉलेजांसाठी आहे. कॉलेजने त्यात भाग घेतला असेल, तर विद्यार्थ्याला ई-पुस्तके आणि नियतकालिके घरूनही वाचता येतात. मात्र विद्यार्थ्याचे खाते कॉलेजनेच उघडून द्यावे लागते. मागणी झाली नाही, तर ही सोय कागदावरच राहते.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, असा तिचा आवाका आहे. पण ती सरकारी विद्यापीठे, कॉलेजे आणि संशोधन संस्थांसाठी आहे. आपल्या भागातली बहुसंख्य मुले खासगी शिक्षण संस्थांच्या कॉलेजांत शिकतात. म्हणून त्यांच्या ग्रंथालयांनी स्वतः हालचाल करणे जास्त गरजेचे आहे.

खर्चाची सबब

लहान कॉलेजे पैशांची अडचण सांगतात आणि ती खोटी नसते. तरीही काही गोष्टींना सॉफ्टवेअरचा खर्च येत नाही. २००० साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात सुरू झालेली ‘कोहा’ ही प्रणाली मोफत वापरता येते. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थच भेट असा आहे. तिच्यामुळे ग्रंथालयाची यादी इंटरनेटवर येते. पुस्तक आहे की कोणी नेले आहे हे घरबसल्या कळते आणि फुकटचा हेलपाटा वाचतो. सर्व्हर आणि शिकलेला माणूस मात्र लागतो. दोन-चार कॉलेजांनी मिळून तो खर्च उचलायला हरकत नसावी.

नावांचा गुंता

एका अडचणीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. श्रीगोंद्याच्या संतकवीचे नाव कोणी शेख महंमद लिहितो, कोणी शेख महमद, कोणी शेख मोहम्मद. इंग्रजीत आणखी तऱ्हा. यादीत एकच रूप असेल, तर दुसऱ्या रूपाने शोधणाऱ्याला पुस्तक नाही असेच वाटते. पुस्तक कपाटात असते आणि वाचक रिकाम्या हाताने परततो. एका लेखकाच्या नोंदीला त्याच्या नावाची सगळी रूपे जोडली की हा प्रश्न सुटतो. मुस्लिम मराठी लेखकांच्या बाबतीत तर हे काम तातडीने व्हायला हवे. सापडत नाही ते वाचले जात नाही आणि वाचले न जाणारे हळूहळू विसरले जाते.

यंत्राचे उत्तर आणि ग्रंथपाल

आता मुले प्रश्न थेट एआयला विचारतात. उत्तर झटपट येते, भाषा गोड असते, पण कधीकधी त्यात दिलेले पुस्तक अस्तित्वातच नसते. असे नाव मिळाले की ग्रंथालयाच्या यादीत किंवा शोधगंगेवर ते खरेच आहे का, हे पाहण्याची सवय मुलांना लागली पाहिजे. ही सवय ग्रंथपालच लावू शकतो. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा ग्रंथालयशास्त्राचा नियम डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडला. खोट्या संदर्भामागे धावण्यात जाणारा वेळही त्यातच धरायला हवा.

पालकांनी काय विचारावे?

प्रवेशाच्या वेळी आपण फी, गणवेश आणि बसचा पास यांची चौकशी करतो. त्यात आणखी चार प्रश्न घालावेत:

- ग्रंथालयाची यादी मोबाइलवर दिसते का?
- एन-लिस्टचे खाते माझ्या मुलीला कधी मिळेल?
- ते घरून चालते का?
- ते कसे वापरायचे हे वर्षाच्या सुरुवातीला कोणी शिकवते का?

अम्मी-अब्बा स्वतः फार शिकलेले नसले, तरी हे प्रश्न त्यांना विचारता येतात. मुलगी रात्री मोबाइल घेऊन बसली, तर रागावण्याआधी ती काय वाचते आहे हेही एकदा विचारावे. घरात एकच मोबाइल असेल, तर अभ्यासासाठी तासभर तो तिच्या वाट्याला यावा. कॉलेजने ग्रंथालय घरापर्यंत आणले, तरी तो तास तिला घरानेच द्यायचा आहे.